अल्गोडूतल्या सीनवर अभिप्राय देताना या चुका टाळा

‘यातलं भौतिकशास्त्र चुकलंय’ हा अल्गोडूतल्या सीनवर मारला जाणारा सगळ्यात लाडका शेरा. गंमत अशी, की बऱ्याचदा सीन बरोबर असतो आणि शेराच चुकलेला असतो.

अल्गोडू ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठात एमिल एर्नेरफेल्ट या विद्यार्थ्याने २००८ साली पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘फन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. पुढे अल्गोरिक्स कंपनीने त्याचंच अल्गोडू केलं. पडद्यावर आकार काढायचे, स्पेसबार दाबायचा, की ते पडायला, घरंगळायला, आदळायला लागतात. अशी एकेक मांडणी म्हणजे सीन. सगळं द्विमितीत. ही शेवटची गोष्ट शेरे मारणारे पहिली विसरतात.

सूत्र पाठ आहे, पण सीनमध्ये काय आहे ते पाहिलंच नाही

समजा, एका मुलाने १ मीटरचा लोलक केलाय. तुम्ही आवर्तकाल मोजता, तो १.६४ सेकंद येतो. पुस्तकातल्या सूत्राने तो २.०१ सेकंद यायला हवा, म्हणून तुम्ही ‘चूक’ लिहून मोकळे होता. आता सीन नीट बघा. त्याने १ मीटर लांबीची पट्टी काढून तिचं वरचं टोक बिजागरीने पार्श्वभूमीला जोडलंय. हा साधा लोलक नव्हे. पट्टीचं वस्तुमान तिच्या सगळ्या लांबीवर पसरलेलं आहे, त्यामुळे आवर्तकालासाठी तिची परिणामी लांबी दोन तृतीयांश मीटर धरावी लागते, आणि त्याचं उत्तर १.६४ सेकंदच येतं. अल्गोडूने चोख काम केलंय.

दुसऱ्या कुणी १ मीटरच्या हलक्या काठीच्या टोकाला जड गोळा लावला, पण ६० अंशांवरून सोडला, तर २.०१ ऐवजी साधारण २.१५ सेकंद येतील. पाठ्यपुस्तकातलं सूत्र लहान झोक्यांपुरतं आहे. अशा वेळी ‘चुकलंय’ लिहिण्यापेक्षा ‘सूत्राशी ताळा जमवायचा असेल तर १० अंशांच्या आतून सोडून बघ’ असं लिहिलं, तर मुलाच्या हाती काही लागतं.

उतारावरून घरंगळणाऱ्या ‘चेंडू’चंही हेच. ३० अंशांच्या उतारावर, न घसरता, भरीव गोलाचं त्वरण ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं. अल्गोडूत मात्र ३.२७ च्या आसपास दिसतं, कारण तिथलं वर्तुळ म्हणजे गोल नसून चकती आहे. सीन करणाऱ्याला दोष देण्याआधी हा हिशेब कागदावर करून बघायला दोन मिनिटं लागतात.

आणि सोन्याची चकती लाकडाच्या चकतीआधी खाली पोचली म्हणून गॅलिलिओची आठवण काढू नका. हवेचा अवरोध सुरू आहे का, ते आधी तपासा. तो बंद करायचं बटण खालच्या पट्टीतच आहे.

खरी चूक सापडली, पण कारण भलतंच सांगितलं

वेगवान गोळी पातळ भिंतीतून आरपार जाते, हा खरा दोष आहे. पण त्यावर ‘भिंत मजबूत कर’ हा सल्ला निरर्थक, कारण भिंत फुटलेलीच नसते. प्रोग्राम वेळ तुकड्यातुकड्यांनी पुढे नेतो. सेकंदाला ६० पावलं असतील आणि गोळीचा वेग ३० मीटर प्रति सेकंद असेल, तर एका पावलात ती अर्धा मीटर उडी मारते. १० सेंटिमीटरची भिंत त्या उडीच्या मध्येच राहून जाते. सिम्युलेशनची फ्रीक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला पावलं, ३०० केली की उडी १० सेंटिमीटरवर येते. मात्र संगणकावरचा भारही जवळपास पाचपट होतो. जुन्या लॅपटॉपवर सीन अडखळेल, हेही त्याच अभिप्रायात सांगा. भिंत जाड करणं किंवा गोळीचा वेग कमी करणं हे स्वस्तातले उपाय.

साखळीचा पूल ताणून लोंबकळतो, बिजागऱ्या सुटल्यासारख्या दिसतात, तेव्हा घनतांचे आकडे बघा. हलक्या कड्यांवर हजारपट जड ट्रक उभा केला, तर गणित सोडवणाऱ्या यंत्रणेची दमछाक होणारच. ट्रकची घनता कमी करा किंवा कड्यांची वाढवा.

ग्रहाची कक्षा बंद होत नाही, फिरता फिरता फुलासारखी नक्षी काढत राहते, ही तक्रारही येते. इथे अनेकदा ॲट्रॅक्शनचा, म्हणजे वस्तूंमधल्या आकर्षणाचा, प्रकार चुकीचा निवडलेला असतो. बळ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल तर लंबवर्तुळ मिळतं. नुसतं अंतराच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर ही नक्षी हेच बरोबर उत्तर. तेव्हा ‘ग्रह नीट फिरत नाही’ असं न लिहिता कोणता पर्याय बदलायचा ते लिहा.

सीन आपणच बिघडवून मग तपासला

सीन सुरू असताना माऊसने एखादी वस्तू ओढून पाहायचा मोह सगळ्यांना होतो. ओढा खुशाल, पण अभिप्राय लिहिण्यापूर्वी फाइल पुन्हा उघडा आणि हात न लावता एकदा शेवटपर्यंत चालू द्या. कधी उलटही घडतं: करणाऱ्याने सीन चालू असतानाच सेव्ह केलेला असतो, त्यामुळे तुमच्याकडे तो अर्ध्यावरून सुरू होतो आणि डॉमिनो आधीच आडवे दिसतात. ही त्रुटी जरूर कळवा. एका ओळीचं काम आहे, आणि करणाऱ्याला स्वतःच्या संगणकावर ती दिसणं कठीण.

‘छान आहे, पण सुधारणा हवी’

कोणती सुधारणा? कुठे? हा शेरा न दिलेलाच बरा. त्याऐवजी असं लिहा: ‘सुरू केल्यावर सुमारे आठव्या सेकंदाला डावीकडचं चाक उताराच्या सांध्यात अडकतं. तीनदा चालवलं, तीनही वेळा तिथेच. दोन तुकड्यांच्या कडा थोड्या एकमेकांवर सरकवून बघ.’ यात काय घडलं, कुठे घडलं आणि ते पुन्हा कसं घडवायचं, हे सगळं आलं.

हेतू न विचारता शेरा मारणं तर फारच चालतं. गोट्यांच्या शर्यतीच्या सीनमध्ये घर्षण शून्य ठेवलं असेल, तर ते मजेसाठी ठेवलंय. तोच सीन ‘घर्षणाचा प्रयोग’ म्हणून पाठवला असेल, तरच तो दोष.

आणि दुरुस्ती स्वतः करून पाठवायची असेल, तर मूळ फाइलवर करू नका. वेगळ्या नावाने प्रत काढा, कोणता स्लायडर कितीवरून कितीवर नेला ते लिहा, आणि एका वेळी एकच बदल करा. दहा गोष्टी एकदम बदललेला सीन परत आला, की कशामुळे तो चालायला लागला हे करणाऱ्याला कळत नाही, आणि बऱ्याचदा पाठवणाऱ्यालाही.