क्लाउड रनवर एका सर्व्हिसमध्ये दोन कंटेनर: आधी कोण उठणार ते ठरवा

क्लाउड रन म्हणजे कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पाकीट) चालवून देणारी गूगलची सेवा. दोन्ही कंटेनरच्या इमेज रजिस्ट्रीत (इमेज साठवायच्या जागी) आहेत आणि जीक्लाउड या गूगलच्या कमांड-टूलवर लॉगिन झालंय, असं धरून चालतो. रीजन आपल्या मुंबईचाच, एशिया-साउथ1.

माझं उदाहरण गिरगावातल्या एका घरगुती उद्योगाचं: गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेणारी साइट. पुढे एनजिनएक्स (रिक्वेस्ट घेऊन मागे पाठवणारा वेब सर्व्हर; त्याच्या कंटेनरचं नाव 'दार'), मागे पायथनचं ॲप. कमांड अशी (टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत):

जीक्लाउड रन डिप्लॉय मोदक --रीजन एशिया-साउथ1 --कंटेनर दार --इमेज … --पोर्ट 8080 --कंटेनर ॲप --इमेज …

रीजनसारखे सर्व्हिसचे फ्लॅग पहिल्या --कंटेनरच्या आधी. त्यापुढचा प्रत्येक फ्लॅग त्याच्या आधी ज्या कंटेनरचं नाव आलं, त्याला लागतो. --पोर्ट एकालाच द्यायचा. दोघांचं नेटवर्क एकच असल्याने ॲपला 8080 मिळणार नाही. मी 8888 देतो. एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये 127.0.0.1:8888 लिहा. डॉकर कंपोजच्या सवयीने (त्यात कंटेनर एकमेकांना नावाने शोधतात) इथे कंटेनरचं नाव लिहिलंत, तर एनजिनएक्स सुरूच होणार नाही.

आता खरी अडचण. सांगितलं नाही तर दोन्ही कंटेनर एकदमच सुरू होतात. एनजिनएक्स क्षणात 8080 उघडतो, क्लाउड रनला वाटतं सगळं तयार आहे, आणि रिक्वेस्ट आत येते. माझं ॲप तेव्हा डेटाबेसशी जोडणी करत असायचं, त्याला 20 सेकंद लागायची. पहाटे साइट शून्यावर आलेली असताना (म्हणजे तिची एकही चालू प्रत, इन्स्टन्स, नसताना) पहिली ऑर्डर द्यायला आलेल्या माणसाला 502 (मागच्या ॲपकडून उत्तर आलं नाही, ही चूक) दिसायचा. लॉगमध्ये एकच ओळ: कनेक्शन रिफ्यूज्ड. दोन रात्री मी एनजिनएक्सचं कॉन्फिग उलटंपालटं करत बसलो. चूक तिथे नव्हतीच.

मग मी 'दार'ला --डिपेंड्स-ऑन ॲप दिलं, म्हणजे आधी ॲप, मग दार. तरीही 502. कारण ॲपला स्टार्टअप प्रोब (कंटेनर तयार झाला का, ही क्लाउड रनने करायची विचारणा) नव्हता. प्रोब नसेल तर आधीचा कंटेनर तयार झालाय का हे न पाहताच पुढचा सुरू केला जातो. म्हणून या दोन गोष्टी जोडीनेच द्या. ॲपच्या फ्लॅगमध्ये:

--स्टार्टअप-प्रोब एचटीटीपीगेट.पाथ=/हेल्थ,एचटीटीपीगेट.पोर्ट=8888,पीरियडसेकंड्स=2,फेल्युअरथ्रेशोल्ड=30

म्हणजे दर 2 सेकंदांनी विचारणा, जास्तीत जास्त मिनिटभर. टीसीपी प्रोबवर (फक्त पोर्ट उघडलंय का एवढंच पाहणाऱ्या) भागवू नका. पोर्ट उघडलं म्हणजे डेटाबेस जोडला गेला असं नाही. /हेल्थनेही जोडणी झाल्यावरच 200 (सगळं ठीक) द्यावा.

एनजिनएक्स सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये स्लीप 30 (30 सेकंद थांब) टाका, हा सल्ला कृपया ऐकू नका. ॲप 5 सेकंदांत उठलं तरी गिऱ्हाईक 30 सेकंद ताटकळतं. मिनिमम इन्स्टन्स 1 ठेवा (म्हणजे एक प्रत कायम चालू), हा न ऐकायचा दुसरा सल्ला. त्याने रात्रभराचं बिल येतं, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी गर्दी वाढून नवा इन्स्टन्स उठला की 502 पुन्हा हजर.

तपासताना घाई नको. रिकामा इन्स्टन्स 15 मिनिटांपर्यंत जिवंत राहू शकतो, त्यामुळे डिप्लॉयनंतर लगेच केलेली चाचणी खोटा धीर देते. अर्धा तास साइटला हात लावू नका, मग कर्लने (टर्मिनलमधून रिक्वेस्ट पाठवायची कमांड) एकच रिक्वेस्ट पाठवा. उत्तर उशिरा आलं तरी चालेल. 200 आलं पाहिजे.