इंग्रजी वाक्यात योग्य फ्रेजल व्हर्ब कसे निवडावे

'बोलून टाकले', 'बोलून गेला' आणि 'बोलून बसलो' यांतील फरक मराठी माणसाला समजावून द्यावा लागत नाही. मुख्य क्रियापद तेच राहते, पण सोबतचे क्रियापद बदलले की अर्थाची छटा बदलते. इंग्रजीत असेच काम क्रियापदाला जोडून येणारे अप, ऑफ, आउट, ऑन हे छोटे शब्द करतात आणि पुष्कळदा तर मूळ अर्थाचा मागमूसही उरू देत नाहीत. क्रियापद आणि असा छोटा शब्द यांच्या जोडीलाच फ्रेजल व्हर्ब म्हणतात. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे हे 'ईट'वरून ताडता येते, पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे हे 'गिव्ह'वरून कधीच कळणार नाही.

म्हणून पर्यायांकडे वळण्याआधी वाक्यात नेमके काय घडले आहे, हे स्वतःला मराठीत सांगावे आणि मग वाक्यातील उरलेले शब्द बारकाईने वाचावेत. 'द मीटिंग वॉज... अंटिल मंडे' हे वाक्य घ्या. रिकाम्या जागी 'कॉल्ड ऑफ' आणि 'पुट ऑफ' ही दोन्ही रूपे व्याकरणाच्या दृष्टीने बसतील असे वाटते. परंतु 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे आणि 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. रद्द झालेल्या बैठकीला सोमवारची मुदत कशी असेल? 'अंटिल' या एका शब्दाने निर्णय होतो. कर्मही असाच कौल देते: मूल असेल तर 'लुक आफ्टर', तक्रार असेल तर 'लुक इनटू', शब्दकोशातील शब्द असेल तर 'लुक अप'.

अर्थ जुळला तरी सर्वनामाची जागा तपासावी, कारण माझ्या मते सर्वाधिक चुका तिथेच होतात. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, मात्र 'लाइट'च्या जागी 'इट' आले की 'टर्न इट ऑफ' एवढेच चालते. उलट 'लुक आफ्टर हर' किंवा 'पुट अप विथ इट' (ते सहन करणे) यांची फोड करून सर्वनाम मध्ये घालता येत नाही.

औपचारिक पत्रात 'पुट ऑफ'पेक्षा 'पोस्टपोन' अधिक शोभते. 'लुक फॉरवर्ड टू' (उत्सुकतेने वाट पाहणे) मात्र अशा पत्रातही सर्रास चालते. फक्त तिथला 'टू' हे शब्दयोगी अव्यय असल्यामुळे त्यापुढे 'मीट यू' नव्हे, तर 'मीटिंग यू' लिहावे.