मल्टीव्हिटॅमिनसोबत व्हिटॅमिन डी घेताय? या चुका टाळा

"मल्टीव्हिटॅमिन चालूच आहे, आता डॉक्टरांनी डी वेगळं दिलंय. दोन्ही घेऊ का?" नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कुठल्याही मेडिकलवर संध्याकाळी पाच मिनिटं थांबा, हा प्रश्न कानावर पडेल. बहुतेकांना दोन्ही चालतात. घोळ होतो तो घरातल्या तिसऱ्या-चौथ्या डबीमुळे.

सिडकोतलं एखादं निवृत्त जोडपं घ्या. गोळ्यांच्या डब्यात मल्टीव्हिटॅमिन आहे, त्यात समजा ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक, लेबलवर IU) डी. हाडांसाठी कॅल्शियमच्या दिवसाला दोन गोळ्या, प्रत्येकीत ५०० आययू. कॅल्शियमच्या गोळीत डी३ (डीचाच एक प्रकार) बहुधा असतंच, पण ते कुणी मोजत नाही. शिवाय मुलाने अमेरिकेहून आणलेली ५००० आययूची बाटली, 'आणलीच आहे तर संपवू' म्हणून चालू. झाले ६४००. त्यात डॉक्टरांनी लिहून दिलेलं आठवड्याचं ६०,००० आययूचं पाकीट धरलं, तर रोजचे जवळपास १५ हजार होतात. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण ६०० आययू आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ओलांडू नये अशी मर्यादा ४०००. पाकिटाचा मोठा डोस कमतरता भरून काढायला ठरावीक काळापुरता असतो. त्यावर बाकीचं सगळं चढवायचं नसतं.

बी आणि सी जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. डी मात्र चरबीत साठतं आणि हळूहळू उतरतं. म्हणून 'व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर काय बिघडतं' हे इथे लागू नाही.

आकडा वाचताना

काही लेबलवर आययू असतं, काहींवर मायक्रोग्रॅम. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. त्यामुळे '२५' बघून किरकोळ समजू नका, ते १००० आययू आहेत. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे कात्रीने कापलेली स्ट्रिप. चार गोळ्या मागितल्या की नाव आणि प्रमाण छापलेला भाग दुकानातच राहतो, हातात नुसता चंदेरी तुकडा. पूर्ण स्ट्रिप घ्या, नाहीतर तिथल्या तिथे मोबाईलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा. डॉक्टरांकडे जाताना अख्खा डबाच पिशवीत टाकून नेलात तर उत्तम.

आठवड्याचं रोज घेणं

सगळ्यात धोक्याची चूक ही. बाकीच्या गोळ्या रोजच्या, म्हणून पाकीटही रोज दुधात ढवळलं जातं. एक वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका. कोर्स साधारण आठ आठवड्यांचा असतो. पुढे काय ते डॉक्टर ठरवतात. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर पाकिटं आणत राहणं म्हणजे उपचार नव्हे.

डी सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर घेऊ नका. जेवणात थोडं तेल-तूप असेल तर ते नीट शोषलं जातं, म्हणून दुपारचं जेवण बरं. मल्टीव्हिटॅमिनमध्ये लोह असेल तर चहा तासभर तरी लांबच ठेवा. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती सकाळी घ्यावी आणि लोह किंवा कॅल्शियम असलेली कुठलीही गोळी त्यानंतर चार तासांनी.

मूतखडा होऊन गेला असेल, किडनीचा त्रास असेल, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन असेल, तर मेडिकलवर विचारून भागवू नका. डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि यांच्यात ते महागात पडतं. गरोदरपणातही तेच. आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेत असाल तर लेबल बघा: कॉड लिव्हर ऑइलमध्ये डी बरोबर व्हिटॅमिन एसुद्धा असतं, मल्टीव्हिटॅमिनमध्येही असतं, आणि तेही साठणारंच.

गोळ्या चालू असताना मळमळ, भूक मरणं, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वारंवार लघवी, डोकं गरगरणं असं काही वाटलं तर डी आणि कॅल्शियम थांबवून डॉक्टरांना गाठा. ते रक्तातलं कॅल्शियम तपासतील. उन्हाळा म्हणून पाणी पाणी होतंय, असं समजून दिवस काढू नका.

गोदापार्कवर भल्या पहाटे, पूर्ण बाह्यांच्या स्वेटरमध्ये तासभर चालणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. व्यायाम झकास, पण त्यातून डी फारसं मिळत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडते, तेव्हाच्या उन्हात ते तयार होतं. थोडा वेळ, हात उघडे ठेवून. उन्हातून डी जास्त होण्याची भीती नाही. गरजेपुरतं झालं की त्वचा जादाचं स्वतःच मोडीत काढते. गोळीतून आलेल्याला असा लगाम नाही.