चाई पडलीय? व्हिटॅमिन डी तपासा, पण तेवढ्यावर थांबू नका

कोथरूडमध्ये माझं पार्लर आहे. तेल लावताना मागच्या केसांत नाण्याएवढी गुळगुळीत जागा बोटांना लागते आणि बहुतेक वेळा त्या ताईंना पत्ताच नसतो.

अशी जागा दिसली की आधी उजेडात नीट बघा. चाईत खपली नसते. कडेला आखूड केस दिसतात, टोकाला जाड, मुळाशी निमुळते. खपल्या आणि खाज असेल तर बुरशी असू शकते, तिचं औषध वेगळं. शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढून ठेवा, म्हणजे चाई वाढतेय की भरतेय ते कळेल. लसूण-कांदा चोळू नका, कातडी भाजते. चाईत कीड वगैरे नसते; आपल्याच रोगप्रतिकारक पेशी केसांच्या मुळांवर उठलेल्या असतात. मूळ मात्र मरत नाही, म्हणून केस परत येऊ शकतात.

आता व्हिटॅमिन डी. ते या पेशींना आवरायला मदत करतं आणि चाई असलेल्यांच्या रक्तात बऱ्याचदा कमी सापडतं. पण कमतरतेमुळेच चाई पडते, हे सिद्ध झालेलं नाही. म्हणून नुसती डीची पावडर घेत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. थोडी चाई असेल तर बहुधा त्या जागेवरच स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात. थायरॉइडचंही विचारा, दोन्ही आजार एकत्र आढळतात.

रक्ततपासणीचं नाव ‘२५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता धरतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये आधी सांगा, रिपोर्ट चुकू शकतात.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी साधारण आठवड्यातून एकदाच असते. कृपा करून रोज घेऊ नका! रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. डॉक्टरांनी लिहिलेल्या आठवड्यांपुरतीच, जेवणानंतर घ्या.

आणि ऊन? पुण्यात आपण स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून गाडीवर निघतो आणि दिवसभर हिंजवडीत काचेआड बसतो. काचेतून आलेल्या उन्हानं डी तयार होत नाही. दुपारच्या सुट्टीत हात उघडे ठेवून थोडं बाहेर चाला.

नवे केस पुष्कळदा पांढरे, लवीसारखे येतात. ते उपटू नका, डायही लगेच नको. रंग बहुतेकदा मागून येतो.