रंग नवा, दिवे बंद : जुन्या गाडीची वायरिंग आणि क्रोमकाम

दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार बघितली की कोल्हापुरात दोघा-चौघांना तरी घरामागची जुनी गाडी आठवते. मग उद्यमनगरात माझ्या दुकानाचा फोन वाजतो, पण तो सगळं उरकल्यावर. "पेंटिंग झालं, क्रोम मारून आणलं, गाडी लखलखतीय. पण दिवे लागंनात."

लागणार कसे? या गाड्यांत बल्बला जाणारी वायर एकच. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. दिव्याचं घर ज्या स्क्रूनं पत्र्याला धरलंय, तिथंच आता प्रायमर, रंग आणि वर नवं रबर. म्हणून वायरिंग आणि क्रोम ही दोन वेगळी कामं धरू नका.

सुरुवात बॅटरीपासून. बॉडीला कुठलं टोक आहे ते आधी बघा. जुन्या ब्रिटिश बांधणीच्या गाड्यांत बऱ्याचदा पॉझिटिव्ह बॉडीला असतं. न बघता नवा रेडिओ जोडलात तर रेडिओ गेलाच म्हणायचा. बॉडीचं टोक आधी सोडायचं, जोडताना शेवटी.

मग वायरी. सगळी वायरिंग उपटून नवीन टाकायची घाई बहुतेकांना असते, मला पटत नाही. ल्युकस या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या वायरिंगचे रंग ठरलेले आहेत. तपकिरी थेट बॅटरीची, चावी बंद असली तरी जिवंत. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होते, हिरवी त्यातूनच फ्यूजमार्गे पुढं वायपर-इंडिकेटरला जाते. निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची, काळी अर्थची, म्हणजे पत्र्याला जाणारी परतीची. रंग उडाला असेल तर क्लिपखाली किंवा टेपखाली बघा, तिथं तो शाबूत असतो. वायर बोटावर वाकवा. आतल्या रबराचा भुगा पडला तरच बदला. नवी घ्याल ती गाडीचीच, बारीक तारांची. घरगुती फिटिंगची वायर हादऱ्यानं आतल्या आत तुटते. हेडलाइटला अडीच स्क्वेअर एमएम, पार्किंगला एक पुरते.

आता क्रोम. द्यायच्या आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर बहुधा पोलाद. नाही चिकटला तर पितळ, स्टेनलेस किंवा मझाक, म्हणजे जस्ताचा ओतीव मिश्रधातू. स्टेनलेसच्या पट्टीला क्रोमची गरजच नाही, नुसतं बफिंग करा. मझाकच्या मूठ-बॅजवर फोड आले असतील तर हा मझाक आहे असं प्लेटिंगवाल्याला तोंडानं सांगा, कारण तेजाबात जास्त वेळ राहिला तर मझाकच खाल्ला जातो. आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असा क्रम हवा. क्रोमचा थर नावापुरता असतो. खड्डे भरतात ते तांब्यानं. बफिंगवर हात जड पडला की कडा गोल होतात, भोकं लांबतात आणि बॅजवरची अक्षरं जातात, हेही बजावून ठेवा. बल्ब होल्डर काढूनच माल द्या, आणि कागदाची चिठ्ठी बांधू नका, टाकीत विरघळते. फोटो काढून नग मोजून द्या.

तीस-चाळीसच्या दशकातल्या गाडीचे पितळी रिफ्लेक्टर मात्र क्रोमला देऊ नका. क्रोम दिसायला झकास, पण प्रकाशाचा मोठा हिस्सा गिळतं. त्यांना चांदीचाच मुलामा हवा. चांदीच्या कामाला आपल्याला हुपरी जवळच आहे. पुसताना मधून कडेकडे पुसा, गोल फिरवू नका.

फिटिंगच्या वेळी प्रत्येक दिव्याच्या एका स्क्रूखाली, वॉशर झाकेल एवढाच रंग पॉलिश पेपरनं खरवडा. उघडा पत्रा दिसला पाहिजे. दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून व्हॅसलीन फासा, नाहीतर आपल्या पावसात पुढच्या वर्षी तिथं गंज. रबर जाड असेल तर होल्डरपासून पत्र्यापर्यंत वेगळी काळी वायर, टोकाला थिंबल (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) लावून ओढा. दिव्याच्या तळाचं पाणी जायचं भोक सिलिकॉननं बुजवू नका.

तपासणी अशी. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणला तर बल्ब बदलत बसू नका, मागच्या दिव्याची अर्थ नीट लागलेली नाही. दिवा चालू ठेवून मीटरची एक सुई दिव्याच्या घराला, दुसरी बॅटरीच्या अर्थच्या टोकाला लावा. पाव व्होल्टच्या आत असेल तर बरं. अर्धा व्होल्ट दिसला की स्क्रू परत खोला.

एवढं झालं की गिऱ्हाईक शंभर वॅटचे बल्ब मागतं. हिशोब करा भावा. दोन बल्ब म्हणजे दोनशे वॅट, बारा व्होल्टला साडेसोळा अँपिअर. ल्युकसचा सी-40 डायनामो देतो 22, तेही इंजिन पळताना. कावळा नाक्यावर सिग्नलला उभं राहिलात की तो जवळजवळ काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर. बऱ्याच गाड्यांत हेडलाइटच्या लाइनीला मुळात फ्यूजही नसतो. साठ-पंचावन्न वॅटचे बल्ब, दोन रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारे स्विच) आणि एक फ्यूज पुरे. रिले रेडिएटरच्या आडोशाला लपवा, म्हणजे बॉनेट उघडलं तरी कुणाला दिसत नाही. आणि इंडिकेटरला एलईडी घालणार असाल तर इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर टिकटिक करणार नाही, तो आधी बदला.