टायटल आहे तरी ३+१ मध्ये मार खाताय? आधी घड्याळ तपासा

नावापुढे एफएम (फिडे मास्टर), आयएम (इंटरनॅशनल मास्टर) असं चेसचं काहीतरी टायटल लागलंय आणि तरी टायटल्ड ट्युसडेला (चेस डॉट कॉमवरची टायटलवाल्यांची मंगळवारची ऑनलाइन टूर्नामेंट) ११ पैकी ५ पॉइंट घेऊन रात्री लॅपटॉप आपटून बंद करता, अशा लोकांसाठी लिहितोय. नवीन शिकणाऱ्यांनी हे वाचून काही करू नका, तुम्हाला यातलं बरंचसं उलटं पडेल, तुम्ही ब्लिट्झच (काही मिनिटांत संपणारं झटपट चेस) कमी खेळा.

माझं ऑनलाइन ब्लिट्झ रेटिंग दोन वर्षं २६०० च्या आसपास अडकून बसलं होतं. वर ५०, खाली ८०, परत वर ३०. आणि मी उपाय काय करत होतो तर नवा ओपनिंग कोर्स घे, अजून टॅक्टिक्स कर, रात्री अजून वीस गेम खेळ. म्हणजे दुखतंय गुडघा आणि बाम चोळतोय कपाळाला. आपल्या लेव्हलला चेस कमी येतं म्हणून आपण हरतो असं फार कमी वेळा होतं, समोरच्यालाही साधारण तेवढंच येतं. आपण हरतो कारण आपले सेकंद भलत्याच मूव्हवर खर्च होतात. हे मला कळायला दोन वर्षं लागली, तुम्हाला एक शनिवार-रविवार लागेल.

तर करायचं काय. चेस डॉट कॉम असो की लिचेस, कुठल्याही साइटवरून गेम डाउनलोड केलात की पीजीएनमध्ये (गेमच्या मूव्हची फाइल) प्रत्येक मूव्हला घड्याळाची वेळ येते. तुमचे ३+१ चे (प्रत्येकाला तीन मिनिटं आणि दर मूव्हला एक सेकंद जमा) शेवटचे ५० गेम घ्या, हरलेले आणि बरोबरीत सुटलेले फक्त, जिंकलेले नकोत, त्यात आपण स्वतःवरच खूश होत बसतो. इंजिन (मूव्ह तपासणारं सॉफ्टवेअर) बंद ठेवा. हे महत्त्वाचं आहे, इंजिन चालू असलं की डोळा ब्लंडरकडेच (मोठ्या चुकीकडेच) जातो आणि ब्लंडर हा शेवटचा मुक्काम असतो, गाडी रुळावरून आधीच घसरलेली असते. वहीत प्रत्येक गेमच्या फक्त तीन गोष्टी लिहा: सगळ्यात जास्त वेळ कुठल्या मूव्हला घेतला आणि किती, विसाव्या मूव्हला घड्याळात किती उरले होते, आणि तो लांब विचार करून शेवटी जी मूव्ह खेळली ती पहिल्या दोन सेकंदात सुचलेलीच होती का. तिसऱ्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्या.

माझ्या वहीत जे निघालं ते बघून लाज वाटली. सगळ्यात लांब विचार बहुतेक वेळा ११ ते १६ या मूव्हमध्ये, २५-३० सेकंदांचा, आणि निम्म्याहून जास्त वेळा शेवटी खेळलो तीच मूव्ह जी आधी सुचली होती! म्हणजे ३० सेकंद देऊन मी फक्त स्वतःची समजूत काढत होतो. आता साधा हिशोब करा. ३+१ मध्ये गेम ४० मूव्ह चालला तर तुमच्याकडे एकूण २२० सेकंद, म्हणजे मूव्हला साडेपाच. ६० मूव्ह चालला तर २४० सेकंद, मूव्हला चार. एका मूव्हवर ३० सेकंद गेले म्हणजे पुढच्या पाच-सहा मूव्हचा शिधा एकाच पंगतीत संपला. मग ४५ व्या मूव्हला हत्तीच्या एंडगेममध्ये सहा सेकंदांवर आपण लटपटतो आणि म्हणतो माझं एंडगेम कच्चं आहे. कच्चं नसतं हो, उपाशी असतं.

हे लांब विचार एकसारखे नसतात, त्यात तीन जाती आहेत. पहिली, ओपनिंग विसरलोय आणि तयारीची फाइल आठवायचा प्रयत्न चाललाय. दुसरी, दोन चांगल्या मूव्ह आहेत आणि कुठली जास्त चांगली ते ठरत नाहीये. तिसरी, खरंच काहीतरी न फिरणारं घडतंय: सॅक्रिफाइस, राजासमोरची प्यादी पुढे ढकलणं, किंवा शेवटचे पीस एक्स्चेंज करून नुसत्या प्याद्यांच्या एंडगेममध्ये जाणं. वेळ द्यायचा तो फक्त तिसरीला. प्याद्यांच्या एंडगेममध्ये उतरायच्या आधी तर २० सेकंद बिनधास्त द्या, कारण तिथून परत यायला रस्ता नाही, एक टेम्पो (एका मूव्हचा वेळ) चुकला की थेट शून्य.

दुसऱ्या जातीसाठी मी एक ढोबळ नियम केलाय. सात-आठ सेकंद झाले आणि अजून दोन मूव्हमध्ये अडकलोय, तर ज्या मूव्हनंतर माझं काहीही उघडं लटकत नाही, म्हणजे फुकट मारलं जात नाही, ती खेळायची. जास्त सुंदर, जास्त बरोबर वगैरे बघायचं नाही. क्लासिकलमध्ये (तासन् तास चालणाऱ्या गेममध्ये) हा नियम वाईट आहे, तिथे आपण अर्धा तास घालवून तो पाव प्याद्याचा फरक शोधतो आणि तीच आपली कमाई असते, म्हणूनच आपल्याला ही सवय मोडणं इतकं जड जातं, दहा-पंधरा वर्षं कोचनी जे शिकवलं त्याच्या विरुद्ध वागायचंय ना. पण ब्लिट्झमध्ये पाव प्यादं कोणी वसूल करत नाही, लटकलेला घोडा मात्र सगळे उचलतात.

पहिल्या जातीवर औषध ओपनिंगमध्येच आहे. टायटल्ड प्लेअरची एक वेगळी अडचण असते, आपलं खरं क्लासिकल प्रेपरेशन आपण ऑनलाइन उघडं करू इच्छित नाही, पुढच्या महिन्यात तोच माणूस समोर बोर्डवर बसणार असतो. मग आपण ऑनलाइन काहीही खेळतो, रोज वेगळं, आणि प्रत्येक गेममध्ये आठव्या मूव्हलाच विचार सुरू. त्यापेक्षा ब्लिट्झसाठी एक वेगळी, बारकी रिपर्टरी (ठरलेल्या ओपनिंगचा संच) ठेवा, पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून दोन, आणि सहा महिने तीच खेळा. पांढऱ्याकडून बी३ किंवा जोबावा लंडन ओपनिंग घ्या, काळ्याकडून कॅरो-कान घ्या, काय घेता त्याला फार महत्त्व नाही. महत्त्व याला आहे की दहाव्या मूव्हला कुठला पीस कुठे जाणार हे हाताला माहीत पाहिजे. थिअरीत बरोबरीचं असलं तरी चालेल. बरोबरीची पोझिशन आणि घड्याळात ४० सेकंद जास्त, हे मी कधीही +०.५ (अर्ध्या प्याद्याची आघाडी) पेक्षा वर ठेवीन.

आता प्रीमूव्ह, म्हणजे समोरच्याची मूव्ह व्हायच्या आधीच आपली लावून ठेवणं. हे सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं. चेस डॉट कॉमवर एकापुढे एक कितीही प्रीमूव्ह लावता येतात पण प्रत्येकाला ०.१ सेकंद कापला जातो, लिचेसवर एकच लावता येतो पण तो फुकट असतो. ३+१ मध्ये याचा अर्थ असा की चेस डॉट कॉमवर प्रत्येक प्रीमूव्हला ०.९ सेकंद जमा होतो, दहा प्रीमूव्ह म्हणजे नऊ सेकंद, आणि नऊ सेकंदांत शेवटी गेम फिरतो. सगळ्यात सुरक्षित प्रीमूव्ह म्हणजे रीकॅप्चरचा (परत मारण्याचा). तुमचा पीस जिथे उभा आहे त्याच घरावर रीकॅप्चर लावून ठेवा, समोरच्याने मारलं तर लगेच परत मारलं जाईल, आणि नाही मारलं तर आपल्याच पीसवर मूव्ह बेकायदेशीर म्हणून ती आपोआप रद्द होते. काही जात नाही. मी आयएम लोकांना असे प्रीमूव्ह न लावता दीड-दोन सेकंद घालवताना बघितलंय, मी पण घालवायचो.

आणि उलट्या बाजूने, ओपनिंगमधले आळशी प्रीमूव्ह बंद करा. डी४ ला जी६ खेळून उंट जी७ लावून ठेवलात की समोरचा हसत हसत उंट एच६ ला ठेवतो. तुमचा प्रीमूव्ह जातो, तो जी७ वर उंट मारतो आणि मागे कोपऱ्यातला हत्तीही गेलेला असतो. प्रीमूव्ह नसता तर तोच उंट तुम्हाला फुकट होता. बुलेटमधली (एक मिनिटाच्या गेममधली) ही जुनी खोडी आहे पण अजून चालते, मला स्वतःला लागलीय, टायटलसकट.

एंडगेमचं मी थोडक्यात सांगतो कारण थिअरी तुम्हाला येते. फिलिडोर, लुसेना, व्हॅंचुरा या हत्तीच्या एंडगेमच्या ठरलेल्या पोझिशन डोक्यात आहेत, हातात आहेत का ते बघा. मित्राला समोर घ्या, दोघांना १५ सेकंद आणि १ सेकंद इन्क्रिमेंट, हत्ती-उंट विरुद्ध हत्ती दोन्ही बाजूंनी खेळा. मग एकट्या राजाला उंट-घोड्याने मात. ती कितीही वाईट पोझिशनपासून बेस्ट प्लेने ३३ मूव्हमध्ये होते, म्हणजे १५ सेकंदांपासून सुरू केलं तरी इन्क्रिमेंट धरून ४८ सेकंद मिळतात, मूव्हला दीड सेकंदाच्या जरा आत. घोड्याचा तो डब्ल्यू आकाराचा रस्ता हाताला बसला असेल तर होतं, आठवावा लागला तर नाही होत.

नियमांतले फरक पाठ करा, यात अर्धा पॉइंट सहज निघतो. तुमच्याकडे राजा आणि प्यादं, समोर राजा आणि घोडा, आणि तुमचा फ्लॅग पडला, म्हणजे वेळ संपली. चेस डॉट कॉमवर ही बरोबरी. लिचेसवर तुम्ही हरलात, कारण तिथे मात कशीही शक्य असली तरी पुरते. मी हे विसरून लिचेसवर निवांत बसलो होतो, की फ्लॅग पडला तर पडला, बरोबरीच आहे. नव्हती! तसंच तिहेरी रिपिटिशनची (तीच पोझिशन तीनदा) बरोबरी चेस डॉट कॉमवर आपोआप लागते, लिचेसवर क्लेम करावी लागते, पण सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक करता येते, आजच करून टाका. आणि ऑटो-क्वीन (प्याद्याचा आपोआप वजीर) चालू ठेवून प्रीमूव्हने वजीर करताना स्टेलमेट (शह नसताना समोरच्याला मूव्हच न उरणं, म्हणजे बरोबरी) बघा, हे सांगायची गरज नाही म्हणता म्हणता दर महिन्याला कोणीतरी करतोच.

बुलेटबद्दल माझं मत थोडं कडक आहे. १+० ने (एक मिनिट, सेकंद जमा नाही) माउस सुधारतो, बाकी काही नाही. आठवड्यात एक तास, तेही हात मोकळा करायला. रात्री हरल्यावर राग काढायला १+० खेळायला बसलात की तो सराव नाही, ती दारू आहे. घरी कोणी म्हणालं फास्ट चेस म्हणजे नुसता टाइमपास, तर त्यांना आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं सांगा, २०२५ चा विमेन्स वर्ल्ड कप बाटुमीला कोनेरू हंपीविरुद्ध शेवटी रॅपिड टायब्रेकवरच ठरला आणि त्यातूनच ती थेट ग्रँडमास्टर झाली. पण हे सांगून लगेच १+० उघडू नका.

मोठ्या प्लेअर्सचे स्ट्रीम बघत असाल तर एक प्रयोग करा, कार्लसन, नाकामुरा, आपला निहाल सरीन, कोणाचाही ब्लिट्झ गेम लावा आणि बोर्ड न बघता फक्त त्यांचं घड्याळ बघा. कुठे थांबले तेवढंच टिपा, मग मागे जाऊन बघा तिथे बोर्डवर काय होतं. मी एकेका प्लेअरचे वीस-वीस गेम असे बघितले, कुठल्याही ओपनिंग व्हिडिओपेक्षा जास्त मिळालं.

राहिला सामानाचा भाग. वायर असलेला माउस, लॅन केबल, आणि राउटरला छोटा यूपीएस. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण राउटर बसतो, आणि नवव्या राउंडला मोबाइलचं हॉटस्पॉट शोधता शोधता जिंकलेला गेम गेला की त्या रात्री झोप नाही. माझी गेलीय. जेवण आधी उरकून घ्या, ११ राउंड म्हणजे तीन तासांच्या आसपास, मध्ये ताट घेऊन बसलात की सातव्या राउंडला डोळे जड होतात.

वहीचं मात्र सोडू नका. दर मंगळवारनंतर, बुधवारी सकाळी, रात्री नाही, फक्त हरलेले गेम, तीन आकडे प्रत्येकी. माझा विसाव्या मूव्हचा आकडा आधी सरासरी ५५ सेकंद होता, चार महिन्यांत ८५ च्या पुढे गेला. त्या काळात ओपनिंगची एकही नवीन फाइल उघडली नव्हती.