१० मीटर एअर रायफलसाठी पेलेट कसे निवडावेत

बालेवाडीच्या रेंजवर किंवा पुण्यातल्या एखाद्या क्लबात एअर रायफल शिकायला लागलं की लवकरच प्रश्न येतो, पेलेट (रायफलमध्ये भरायचे शिशाचे छर्रे) कोणते घ्यायचे? महागडा डबा आणला की गुण वाढतील, हा समज आधी सोडा. कोणता पेलेट चालेल ते तुमच्या रायफलची नळी ठरवते.

४.५ मिमीचे, चपट्या तोंडाचे, साधारण ०.५३ ग्रॅम वजनाचे पेलेट घ्या. चपट्या तोंडाने कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं, टोकदार पेलेट कागद फाडतो आणि मग गुण मोजताना वाद होतात. चांगल्या डब्यांवर ४.४९, ४.५० असे आकडे असतात. तो पेलेटच्या डोक्याचा व्यास. दोन-तीन व्यासांचे डबे आणून बघा.

चाचणी हातात रायफल धरून करू नका, तुमची चूक पेलेटच्या माथी बसेल. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे घट्ट पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यात, बसवा. नळीत आधीच्या शिशाचा थर असतो, म्हणून पेलेट बदलल्यावर पहिले १५-२० मोजू नका. मग एकाच जागी १० मारा, भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरने (बारीक मापं घेण्याच्या पट्टीने) मोजा आणि ४.५ वजा करा. ५.५ मिमी आलं तर फैलाव १ मिमी, उत्तम. ७ आलं तर फैलाव अडीच. म्हणजे नेम अचूक असूनही कडेचा पेलेट १०.९ (एका फैरीचे सर्वाधिक गुण) ऐवजी १०.५ वर जाईल. ६० फैरींच्या, दशांशात मोजल्या जाणाऱ्या सामन्यात हे फार महागात पडतं. पण रायफल हातात धरून मारलेल्या भोकांचा ग्रुप, म्हणजे पुंजका, अजून २० मिमीचा असेल, तर या चाचणीत वेळ घालवू नका, सराव करा.

पसंत पडलेल्या डब्यावरचा बॅच नंबर लिहून ठेवा आणि त्याच बॅचचा साठा घ्या. रोज १०० फैरी झाडल्या तर ५०० चा डबा पाच दिवसांत संपतो. ब्रँड आणि व्यास तोच, पण बॅच वेगळी असेल तर पुन्हा चाचणी करा.

डबा स्कूटरच्या डिकीत खडखडत नेऊ नका. पेलेटची मागची कड पातळ असते. ती चेपली की हवा एका बाजूने निसटते, पेलेट कलतो आणि कारण न कळता नऊ लागतो. भरण्याआधी प्रत्येक पेलेटची कड बघा. पावसाळ्यात झाकण घट्ट लावा, दमटपणाने शिशावर पांढरी भुकटी चढते; असे पेलेट वापरू नका. आणि सराव संपला की काही खाण्याआधी साबणाने हात धुवा.